दर्यावर्दी विल्यम डॅम्पियर

भूगोलाच्या तासास खारे वारे आणि मतलई वारे यांचा धडा निघाला की आपणापैकी बहुतेकांना तो फार सोपा वाटतो. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे वारा का वाहतो, हे आपण दोन ओळींत लिहून मोकळे होतो. किनाऱ्यावरील आपले मच्छीमार तर हे कोणत्याही पुस्तकावाचून जाणतात. परंतु या वाऱ्यांचे वेगवेगळ्या देशांतील स्वरूप, त्यांच्या वेळा, त्यांचा जोर, आणि महासागरावरील मोठ्या वाऱ्यांशी असलेले त्यांचे नाते स्वतः पाहून, टिपून, प्रथमच सलग रीतीने ज्यांनी मांडले, त्यांतील एक मनुष्य कोणा विद्यापीठाचा पंडित नव्हता. त्याचे तारुण्य चाच्यांच्या टोळीत गेले होते. त्याचे नाव विल्यम डॅम्पियर.

डॅम्पियरचा जन्म इ. स. १६५१ मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील ईस्ट कोकर या खेड्यात झाला. बाप खंडाने जमीन कसणारा शेतकरी होता. मुलगा लहान असतानाच बाप वारला आणि काही वर्षांनी आईही गेली. थोडेफार लॅटिन व गणित शिकवून पालकांनी त्याची शाळा सोडविली आणि वेमथ बंदरातील एका जहाजाच्या तांडेलाकडे त्याला उमेदवार म्हणून ठेवले. पहिली सफर फ्रान्सची झाली, दुसरी न्यूफाउंडलंडची. तेथील थंडीने हा मुलगा इतका गांजला की पुन्हा उत्तरेकडे जावयाचे नाही असा त्याने निश्चय केला, आणि तो आयुष्यभर बहुतांशी पाळला. उन्हाच्या देशांची ओढ त्याला जी लागली ती कायमचीच. पुढे जावा बेटातील बँटमपर्यंत एक सफर करून तो परतला, तो डचांशी युद्ध पेटलेले. १६७३ मध्ये आरमारात शिरून त्याने दोन लढाया पाहिल्या, मग आजारी पडला आणि रुग्णालयातून सुटल्यावर गावच्या जमीनदाराच्या जमैकातील मळ्यावर नोकरीस गेला. तेथे वरिष्ठांशी त्याचे पटले नाही. वरिष्ठांशी न पटणे हा त्याच्या चरित्रातील एक नित्याचा प्रकार आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मळा सोडून तो मेक्सिकोच्या कॅम्पेचे आखातात लाकूडतोड्यांत जाऊन मिळाला. तेथे लॉगवुड नावाचे एक झाड होते. आपल्याकडे पतंगाच्या लाकडापासून जसा तांबडा रंग काढीत, तसा या झाडाच्या गाभ्यापासून कापड रंगविण्याचा रंग निघे, आणि युरोपात त्याला मोठा भाव येई. गुडघाभर पाण्यात उभे राहून झाडे तोडावयाची, ओंडके खांद्यावरून वाहावयाचे, आणि जहाज आले की मिळालेला पैसा मद्यात उडवावयाचा, असे तेथील जीवन. दलदल, डास, मगरी यांची गणतीच नव्हती. डॅम्पियरच्या घोट्यात नारू झाला. जून १६७६ मध्ये एका भयंकर वादळाने त्या वस्तीची धूळधाण केली. डॅम्पियर त्या वादळाची एक एक अवस्था लक्षात ठेवीत होता. आकाशाचा रंग, वाऱ्याची दिशा, पाण्याची चढउतार, सारे. खाण्याची भ्रांत असलेल्या मनुष्याने असे का करावे, हा प्रश्न मला त्याचे चरित्र वाचताना पुन्हा पुन्हा पडला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही.

१६७८ मध्ये तो मायदेशी परतला. ग्राफ्टनच्या ड्यूकच्या घराण्यात नोकरीस असलेल्या ज्यूडिथ नावाच्या तरुणीशी त्याने विवाह केला आणि १६७९ मध्ये थोडा व्यापार करून लवकरच परत येण्याच्या इराद्याने तो पुन्हा जमैकास निघाला. त्या पत्नीस त्याचे पुन्हा दर्शन झाले ते बारा वर्षांनी. त्या बारा वर्षांत तो पृथ्वीला वळसा घालून आला होता.

जमैकाच्या किनाऱ्यावर त्या काळी इंग्रज, फ्रेंच आणि इतर लुटारूंच्या टोळ्या जमत. स्पेनची जहाजे व नगरे लुटणे हा त्यांचा धंदा. डॅम्पियर ज्या जहाजावर होता त्यावरील सर्व खलाशी एके दिवशी या टोळीत सामील झाले, आणि दोनचार दिवस विचार करून तोही त्यांच्यामागे गेला. आपल्या पुस्तकात तो ही गोष्ट अगदी सहज सांगून पुढे जातो. परंतु आपण तिला सहज मानण्याचे कारण नाही. या टोळ्यांनी गावे जाळली, निरपराध माणसे मारली, आणि डॅम्पियर त्यांत होता. १६८० मध्ये पनामाची संयोगभूमी पायी ओलांडून या टोळीने पॅसिफिकच्या किनाऱ्यावर लुटालूट चालविली. पुढे सरदारांत फूट पडली आणि १६८१ च्या मे महिन्यात डॅम्पियर काही सोबत्यांसह त्याच जंगलातून परत निघाला.

ही परतीची वाट तेवीस दिवसांची होती. पावसाळा लागला होता. नद्या दुथडी भरून वाहत होत्या. वाटेत बंदुकीची दारू वाळवीत असता तिला ठिणगी लागून टोळीचा शस्त्रवैद्य लायोनेल वेफर याचा गुडघा भाजला, आणि त्याला तेथील कूना लोकांच्या हाती सोपवून मंडळी पुढे गेली. अशा प्रवासात प्रत्येकाने आपली लूट सांभाळली. डॅम्पियरनेही एक गोष्ट सांभाळली. त्याने एक जाड बांबूचे पेर घेतले, आपली रोजनिशी गुंडाळून त्यात घातली आणि दोन्ही तोंडे मेणाने बंद केली. पोहून जाताना, पुरात सापडला असता, तो बांबू त्याच्याजवळ होता. त्याच्या नावाने आज जे काही उरले आहे ते त्या पेरातून निभावून आलेले आहे.

१६८३ मध्ये जॉन कुक या कप्तानाच्या जहाजावरून तो पुन्हा निघाला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर या लोकांनी एक मोठे डॅनिश जहाज पळविले आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकास वळसा घालून ते पॅसिफिकमध्ये शिरले. मार्च १६८४ मध्ये ते हुआन फर्नांडेझ या निर्जन बेटाशी आले. तेथे घडलेला एक प्रसंग मला त्याच्या सर्व लिखाणात अत्यंत हृद्य वाटतो. तीन वर्षांपूर्वी याच बेटावर मध्य अमेरिकेतील मस्किटो जमातीचा विल नावाचा एक मनुष्य रानात शेळ्यांची शिकार करण्यास गेला होता. तेवढ्यात स्पॅनिश जहाजे दिसल्यामुळे त्याचे सोबती त्याला तेथेच टाकून पळाले. त्याच्यापाशी एक बंदूक, एक सुरी, थोडी दारू व थोड्या गोळ्या होत्या. दारू संपल्यावर त्याने सुरीला दाते पाडून तिची करवत केली, बंदुकीची नळी कापली, विस्तवात तापवून दगडाने ठोकली आणि तिच्यापासून भाले, गळ व लांब सुरी बनविली. कपडे फाटल्यावर कमरेस शेळीचे कातडे गुंडाळले. स्पॅनिश लोक त्याला शोधीत, तो त्यांना चुकवीत राहिला. इंग्रजांचे जहाज दिसताच तीन शेळ्या मारून, कोबीसारखी भाजी शिजवून तो किनाऱ्यावर वाट पाहत उभा राहिला. जहाजावर त्याच्याच जमातीचा रॉबिन नावाचा एकजण होता. तो प्रथम किनाऱ्यावर उडी घेऊन विलच्या पायाशी पालथा पडला. विलने त्याला उठवून छातीशी धरले आणि मग तो रॉबिनच्या पायाशी तसाच पडला. इतर खलाशी हे पाहत स्तब्ध उभे राहिले. लुटारूंच्या त्या जमावात हे सारे पाहून लिहून ठेवणारा एक मनुष्य होता, म्हणून विलचे नाव आपणास ठाऊक आहे.

तेथून गालापागोस बेटे, मग मेक्सिकोचा किनारा. कप्तान कुक वारला. डॅम्पियर स्वान नावाच्या कप्तानाच्या सिग्नेट जहाजावर गेला. १६८६ च्या मार्चअखेर हे जहाज विशाल पॅसिफिक महासागर ओलांडण्यास निघाले तेव्हा खलाशांना पुरेसे अन्न नव्हते. रोज मूठभर मका मिळे. एकावन्न दिवसांनी ग्वाम बेट दृष्टीस पडले तेव्हा तीन दिवसांचा शिधा शिल्लक होता. मागाहून असे कळले की, शिधा संपताच प्रथम कप्तानास आणि मग या सफरीस संमती देणाऱ्या सर्वांना मारून खावयाचे असा खलाशांचा बेत होता. कप्तान स्वान अंगाने धष्टपुष्ट होता, डॅम्पियर कृश. तेव्हा स्वानने, तुझ्यापासून यांचे एक जेवणही धड भागले नसते, असा त्याचा विनोद केला.

ग्वाम बेटावर डॅम्पियरने एक फळ पाहिले. मोठ्या झाडावर लागणारे, गोल, आत बी नसलेले, भाजले की पावाच्या गरासारखे लागणारे. इंग्रजीत त्याला त्याने पावाचे फळ म्हटले. आपण ते ओळखतोच. ते आपले नीरफणस. आम्हा कोकणी लोकांच्या घरी त्याचे काप रवा लावून तव्यावर भाजतात तेव्हा शेजाऱ्यासही वास जातो. डॅम्पियरच्या या वर्णनाने पुढे मोठा इतिहास घडविला. वेस्ट इंडीजमधील गुलामांना स्वस्तात पोसावे म्हणून हे झाड तेथे नेण्याचा घाट इंग्रजांनी घातला, आणि त्यासाठी निघालेल्या ब्लाय या कप्तानाच्या जहाजावर १७८९ मध्ये प्रसिद्ध बंड झाले.

पुढे फिलिपाइन्समधील मिंदानाओ बेटावर खलाशांनी कप्तान स्वानलाच मागे सोडून जहाज पळविले. पुलो काँडोर या बेटावर डॅम्पियरने आंब्याची झाडे पाहिली, आणि कोवळी कैरी दोन फाकी करून मीठ, शिरका व लसणाच्या पाकळ्या घालून कशी टिकवितात हे लिहून ठेवले. त्याला तेथे आचार म्हणतात, हेही त्याने टिपले. चीनच्या समुद्रात जुलै १६८७ मध्ये त्याला तुफानाने गाठले. प्रथम ईशान्येचा प्रचंड वारा, मग अकस्मात निवांतपणा, आणि मग उलट दिशेने तितकाच प्रचंड वारा. कॅम्पेचेचे ते जुने वादळ त्याच्या स्मरणात होते. दोन्हींची तुलना करून त्याने सांगितले की चीनचे तुफान आणि वेस्ट इंडीजचे हरिकेन ही नावे दोन असली तरी वादळाची जात एकच. आज हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. त्या काळी मात्र दोन्ही वादळे अंगावर घेऊन जिवंत राहिलेला आणि वर लिहिणारा मनुष्य विरळा होता.

५ जानेवारी १६८८ रोजी सिग्नेट जहाज ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याशी नांगरले. त्या भूमीस तेव्हा न्यू हॉलंड म्हणत. दोन महिने तेथे राहून डॅम्पियरने तेथील लोकांचे जे वर्णन छापले ते अतिशय अनुदार आहे. जगातील सर्वांत दीन लोक ते हेच, असा त्याचा अभिप्राय. त्याच्या हस्तलिखितात मात्र तेच लोक बरेच सौम्य शब्दांत आले आहेत. छापताना तो अभिप्राय तिखट झाला. हे कोणी केले आणि का, याचा विद्वानांनी काथ्याकूट केला आहे. परंतु पुस्तकावर नाव डॅम्पियरचे आहे, तेव्हा दोषही त्याच्याच पदरी. पाऊणशे-ऐंशी वर्षांनी जेम्स कुक त्याच खंडाच्या पूर्व किनाऱ्यास लागला तेव्हा त्याच्या मंडळींच्या मनात डॅम्पियरचे हे शब्द होतेच. कुकने मात्र शेवटी आपल्या डोळ्यांनी पाहून वेगळे मत दिले.

लुटारूंच्या संगतीस डॅम्पियर आता विटला होता. मे १६८८ मध्ये निकोबार बेटांवर त्याने जहाज सोडले. तीन इंग्रज, एक पोर्तुगीज आणि सुमात्रातील आचीनचे चार मलायी असे आठजण एका उघड्या होडीतून आचीनकडे निघाले. निघतानाच होडी उलटली. रोजनिशी भिजली, ती शेकोटीवर वाळवावी लागली. पुढे भर समुद्रात वादळ झाले. मृत्यू समोर उभा असता आपल्या गत आयुष्याची त्याला लाज वाटली, असे तो स्वतः कबूल करतो. लाटांशी झगडून ते आचीनला पोचले खरे, परंतु तापाने अर्धमेले होऊन, आणि त्यांतील काहीजण वाचले नाहीत.

त्यानंतर टाँकिन, मलाक्का असे फिरत १६९० मध्ये तो मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात आला. आपल्या देशाशी त्याचा साक्षात संबंध तो एवढाच, काही महिन्यांचा. परंतु तेथेच त्याच्या चरित्रावरील एक मोठा डाग सुरू होतो. मियांगास बेटावरील जिओली नावाचा एक तरुण आणि त्याची आई यांना एका इंग्रज व्यापाऱ्याने मिंदानाओ येथे विकत घेऊन मद्रासला आणले होते. जिओलीच्या अंगभर सुंदर गोंदण होते. या मायलेकरांतील अर्धा वाटा डॅम्पियरला मिळाला. माणसातील अर्धा वाटा, हे शब्द लिहितानाही लेखणी अडखळते. सुमात्रातील बेंकुलेन येथे दोघे आजारी पडली आणि आई मेली. डॅम्पियरने तिला नव्या कापडात गुंडाळविले, परंतु जिओलीचे समाधान झाले नाही. आईची सर्व वस्त्रे आणि तिला मिळालेले चिटाचे दोन नवे कोरे तुकडे त्याने तिच्या देहाभोवती गुंडाळले. ती तिची होती, तिच्याबरोबरच जावयाची. डॅम्पियरने हे सारे ममतेने लिहिले आहे. त्याने त्या मुलाची शुश्रूषाही केली. आणि १६९१ च्या सप्टेंबरात लंडनला पोचताच, हाती पैसा नाही म्हणून, त्याला विकून टाकले. नव्या मालकांनी जिओलीला राजपुत्र म्हणून गावोगाव पैसे घेऊन दाखविले. ऑक्सफर्डला देवी येऊन तो मेला.

बेंकुलेनहून तो सुटला तोही चोरासारखा. तेथे तो किल्ल्यावर तोफांचा अधिकारी होता आणि गव्हर्नर त्याला जाऊ देईना. मध्यरात्री तोफेच्या झरोक्यातून सरपटत बाहेर पडून त्याने जहाज गाठले. बाकीचे सामान मागे राहिले. रोजनिशी बरोबर होती.

१६९७ मध्ये त्याचे पृथ्वीप्रदक्षिणेचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि थोड्याच काळात त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. ते रॉयल सोसायटीच्या अध्यक्षास अर्पण केलेले होते. कालचा लुटारू आज विद्वानांच्या पंगतीस बसू लागला. सॅम्युएल पीप्स याच्या घरी त्याला जेवावयास बोलाविले गेले. १६९९ मध्ये दुसरा खंड निघाला. त्यातच वारे, वादळे, भरती-ओहोटी आणि सागरी प्रवाह यांवरील त्याचा तो प्रसिद्ध निबंध आहे.

त्याच वर्षी जानेवारीत सरकारने त्याला रोबक नावाचे जहाज देऊन न्यू हॉलंडच्या शोधास धाडले. जहाज जुने, खलाशी पन्नास, आणि दुय्यम अधिकारी जॉर्ज फिशर हा आरमारात मुरलेला, चाच्याच्या हाताखाली काम करणे अपमानाचे मानणारा. प्रवासाच्या आरंभीच दोघांचे बिनसले. डॅम्पियरने त्याला वेताच्या छडीने मारले, बेड्या घातल्या आणि ब्राझीलमधील बाईया बंदरात पोर्तुगीजांच्या तुरुंगात सोपविले. त्याच बंदरात हा मनुष्य शांतपणे फळे पाहत, चाखत हिंडला. तेथे त्याने काजूचे वर्णन केले. टोकाला बी लोंबणारे ते विचित्र फळ पोर्तुगीजांनी याच ब्राझीलमधून आपल्या गोव्यात आणले, हे आपणास ठाऊक आहेच.

ऑगस्ट १६९९ मध्ये रोबक ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यास लागले. शार्क माशांच्या विपुलतेवरून त्याने त्या उपसागराचे नाव ठेवले. पाण्याच्या शोधात पुढे गेले असता तेथील लोकांशी चकमक उडाली. त्याच्या एका माणसाच्या गालात भाला लागला आणि डॅम्पियरने त्यांच्यातील एकावर गोळी झाडली. त्याच किनाऱ्यावर त्याने रोपे खुडून पुस्तकाच्या पानांत दाबून वाळविली. न्यू गिनीच्या पूर्वेस एक सामुद्रधुनी शोधली, ती त्याच्या नावाने ओळखली जाते. परंतु जहाज किडले होते. फेब्रुवारी १७०१ मध्ये असेन्शन बेटापाशी ते बुडाले. कासवे, खेकडे आणि शेळ्यांवर खलाशी पाच आठवडे जगले, मग इंग्रज जहाजांनी त्यांना उचलले. पुष्कळ कागद गेले, परंतु ती वाळलेली रोपे वाचली, आणि आजही ऑक्सफर्डमध्ये जपून ठेवलेली आहेत. रोबकचे अवशेष २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांना समुद्रतळी सापडले.

इंग्लंडमध्ये फिशर वाट पाहत होता. जून १७०२ मध्ये नौदलाच्या न्यायासनासमोर खटला चालला. फिशरवर निर्दयपणा केल्याबद्दल डॅम्पियर दोषी ठरला, त्याचा सर्व पगार दंडादाखल कापला गेला आणि राणीच्या कोणत्याही जहाजावर नायक होण्यास तो अपात्र ठरविला गेला. माझ्या मते हा निकाल कठोर असला तरी अन्यायाचा नव्हता. निरीक्षणास लागणारा धीर त्याच्यापाशी भरपूर होता, परंतु माणसे सांभाळण्यास लागणारा धीर त्याच्यापाशी नव्हता. पुढच्याच वर्षी खाजगी भांडवलदारांनी त्याला स्पेनविरुद्ध दोन जहाजे देऊन पाठविले तेव्हा हे पुन्हा दिसले. भांडणे झाली, सोबती सोडून गेले, मनिलाचे संपत्तीने भरलेले गलबत हातचे निसटले, आणि १७०७ मध्ये तो रिकाम्या हाताने, पण दुसरी प्रदक्षिणा करून परतला. याच सफरीत दुसऱ्या जहाजावरील अलेक्झांडर सेल्कर्क कप्तानाशी भांडून १७०४ मध्ये हुआन फर्नांडेझवर एकटा राहिला.

१७०८ मध्ये वुड्स रॉजर्स या तरुण कप्तानाने ब्रिस्टलहून दोन जहाजे काढली आणि सत्तावन्न वर्षांच्या डॅम्पियरला वाटाड्या म्हणून घेतले. हुकूम देण्याचे काम आता त्याच्याकडे नव्हते, आणि ही सफर यशस्वी झाली. २ फेब्रुवारी १७०९ रोजी शेळीची कातडी पांघरलेला एक दाढीवाला मनुष्य जहाजावर आणला गेला. चार वर्षे चार महिने एकांतात राहून त्याची भाषा अडखळत होती. तो सेल्कर्क. हा त्या जहाजावरील उत्तम खलाशी होता अशी ग्वाही डॅम्पियरने दिली, आणि त्याला लगेच काम मिळाले. विलला पाहिलेले डोळेच पंचवीस वर्षांनी सेल्कर्कला त्याच बेटावर पाहत होते. त्या वर्षाच्या अखेरीस मनिलाचे एक गलबतही हाती लागले. ऑक्टोबर १७११ मध्ये जहाजे टेम्स नदीत शिरली, आणि डॅम्पियर हा पृथ्वीभोवती तीनदा फिरलेला पहिला मनुष्य ठरला.

परंतु लुटीच्या वाटणीचे खटले कोर्टात लोंबकळत राहिले. म्हातारा डॅम्पियर लंडनच्या कोलमन स्ट्रीटवर एका घरी राहत असे. मार्च १७१५ मध्ये तो तेथेच वारला, तेव्हा त्याच्यावर सुमारे दोन हजार पौंडांचे कर्ज होते. आपली वाळलेली रोपे आणि आपली पुस्तके यांचे पुढे काय झाले हे त्याने पाहिले नाही. डार्विनने बीगल जहाजावर ती पुस्तके वाचली, हम्बोल्टने त्यांची वाखाणणी केली, स्विफ्टच्या गलिव्हरने तर त्याला आपला नातेवाईक म्हणून सांगितले. मृत्युपत्रात भावाचे व एका नातेवाईक स्त्रीचे नाव आहे, ज्यूडिथचे नाही. शेवटच्या सफरीतील वाटा १७१९ पर्यंत चुकता झाला नव्हता. त्याच वर्षी लंडनमध्ये डॅनियल डेफोचे रॉबिन्सन क्रूसो दुकानांत विकावयास आले.